खारा वारा उशिरा आला

फोन मेघनाचा होता, सुलभाच्या मुलीचा. "मावशी, आई चाळीच्या जिन्यात पडली…" मला वाटलं, पाय घसरला असेल. हॉस्पिटलात पोचले तेव्हा कळलं, उष्माघात. दुसऱ्या दिवशी सुलभा गेली. नोकरीभर हवामानाच्या कचेरीत बसून जिने लोकांना उन्हापासून सावध केलं, तिला उन्हानेच न्यावं, हे अजून मनाला पटत नाही.

आम्ही दोघी डिलाईल रोडच्या एकाच चाळीत वाढलो. दोघींचे वडील गिरणीत. मी शाळेत शिकवायला लागले, ती फिजिक्स घेऊन हवामानाकडे वळली. लग्नानंतर दादरला राहायला गेली, पण उन्हाळा तापला की तिचे पाय चाळीकडे वळायचे. वरच्या मजल्यावर पत्र्याखाली म्हातारी माणसं राहतात, पंखा लावला तरी गरम हवाच अंगावर येते. "मुंबईला समुद्र वाचवतो गं," ती म्हणायची. "दुपारी खारा वारा सुटला की पारा थांबतो. तो अडला तर जमिनीकडचा कोरडा वारा शहर भाजून काढतो. पण तो नेमका कधी सुटेल, हे सांगताना आमचीच धांदल उडते."

मागच्या वर्षी ती धांदल सगळ्या चाळीने पाहिली. चाळीतल्या परबांच्या मुलीची हळद भर दुपारी पटांगणात होती. दुपार तापणार म्हणून सुलभाने हट्टाने ती संध्याकाळवर ढकलायला लावली, आणि त्या दिवशी वारा सकाळीच सुटला. छान गार दुपार. "सुलूताई, तुमच्या अंदाजापायी पाहुणे ताटकळले हो," परबवहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या. सुलभाही हसली. पण चिंचपोकळी स्टेशनकडे चालताना मध्येच थांबली. मग म्हणाली, "हसू देत गं. पुढच्या वेळी अंदाज खरा ठरला आणि कुणी ऐकलं नाही, तर…?"

तसंच झालं. या मार्चमध्ये उष्णतेच्या लाटेचा इशारा आला, तेव्हा तिने चाळीच्या मंडळाची तळमजल्यावरची खोली उघडून घेतली, खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या, माठ भरून ठेवले आणि सकाळपासून दारोदार फिरली. फार थोडे खाली आले. वरच्या मजल्यावर एकटे राहणारे तात्या तर हसलेच. "बाय गो, माका काय होतला? गिरणीच्या तापल्या साच्याखात्यात जल्म गेलो माझो!"

दुपारी ती पुन्हा वर गेली, तेव्हा तात्या खाटेवर भलतंच बडबडत होते. सुलभाला आपल्या गेलेल्या बायकोच्या नावाने हाका मारत होते. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही. तिने हाका मारून माणसं जमवली, त्यांना उचलून खाली आणलं, मानेला आणि काखेत ओली फडकी लावली. कुणीतरी तोंडात पाणी ओतायला निघालं, तर ओरडली, "शुद्धीत नाहीत ते, ठसका लागेल! गाडी बोलवा आधी."

तात्या वाचले.

गाडी गेल्यावर परबवहिनींनी तिला हाताला धरून बसवलं. डोकं ठणकतंय, असं ती त्यांना म्हणाली होती म्हणे. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर तिने त्याला उठू दिलं नसतं. पण वर अजून दारं बंद होती… ती घोटभर पाणी पिऊन उठली आणि मधल्या जिन्यातच कोसळली. त्या दिवशी वारा सुटला तो उन्हं कलताना.

मी तिच्यावर चिडते. मग चाळीवर चिडते. मग कुणावर चिडायचं तेच कळत नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा इशारा आला. मेघनाने मला फोन केला, आम्ही दोघी चाळीत गेलो. मंडळाची खोली उघडी होती. परबवहिनी चादरी भिजवत होत्या. तात्या पटांगणात उभे राहून, मान वर करून एकेकाला नावाने हाका मारत होते. "येवा रे खाली! सुलू काय उगाच गेली?" काहीजण उतरले. दोन-तीन दारं हललीच नाहीत. तात्यांनी कठडा धरून पायरीवर पाय ठेवला.

"तात्या, तुम्ही बसा. मी जाते," मेघना म्हणाली, आणि भराभर जिना चढू लागली. अगदी तिच्या आईसारखी, मागे न बघता. हाक मारून तिला परत बोलवावं असं वाटलं… पण वर माणसं होती. मी पाण्याची बाटली उचलली आणि तिच्या मागे निघाले. मधल्या जिन्यात तिला गाठलं, थांबवलं आणि म्हटलं, "आधी तू पी."