चार औंसांचा बोल्ट

माझ्या दादाला हॉलमध्ये सगळे तराजू म्हणायचे. बिलियर्ड्ससारखा पूल खेळायच्या क्यू, म्हणजे लांब काठ्या, दुरुस्त करणारा माणूस तो. हॉलच्या मागच्या खोलीत आमचं दुकान: एक लेथ, गोंदाचे डबे, भिंतीला टेकवलेल्या क्यू आणि आम्ही दोघं भावंडं. टोकाला चामड्याची टिप चिकटवणं, मुठीला दोरा गुंडाळणं ही कामं माझी. वजनाचं काम त्याचं. क्यूच्या जाड टोकात, रबरी बुचाच्या आत, एक लोखंडी बोल्ट असतो. तो बदलला की क्यूचं वजन बदलतं. दादा क्यू उजव्या तळहातावर आडवी घ्यायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "साडेएकोणीस औंस." वजनकाटा खोक्यातून निघायचा तो एखादं गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं तरच. त्याची अर्ध्या औंसाचीही, म्हणजे चौदा ग्रॅमचीही, चूक मी कधी पाहिली नाही, आणि चुका काढायला मी टपलेलीच असते.

पंधरा बॉलचा त्रिकोण फोडायचा तो पहिला फटका म्हणजे ब्रेक. तो जोरात बसावा म्हणून दांडगे खेळाडू यायचे आणि बावीस औंसांची क्यू मागायचे. दादा वैतागायचा. "नुसतं वजन काय चाटायचंय? ब्रेकला वेग लागतो. जड क्यू तुझा हातच मागे ओढेल. झपकन फिरवता येईल तेवढीच घे." तीस वर्षं हेच रडगाणं. मला पाठ झालं होतं.

मग त्याचा उजवा हात दगा द्यायला लागला. आधी शर्टाची बटणं लागेनात, मग पाना निसटायला लागला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "मानेत शीर दबलीय. ऑपरेशन केलं तर आहे तेवढं वाचेल. गेलेलं परत येईल याची खात्री नाही. आणि दर आठवड्याला थोडं थोडं जातंय." सोमवारची तारीख मिळाली. वहिनीने रडून रडून त्याला हो म्हणायला लावलं.

पण दादाने आपली वेगळीच परीक्षा मांडली. रोज दुपारी, हॉल रिकामा असताना, तो एक ब्रेक मारून बघायचा. बॉल जागचे हलायचे आणि झोपेतून उठल्यासारखे तिथेच घुटमळायचे. मग त्याने काय करावं? क्यूत जड बोल्ट घातला. दोन औंसांचा, मग तीनचा, शेवटी चारचा. तीस वर्षं जगाला शहाणपण शिकवणारा माणूस! बावीस औंसांची ती क्यू त्याच्या हाताला पुढे ढकलतासुद्धा येईना. ब्रेक आणखीच मेला. गुरुवारी त्याने जेवणाचा डबा उघडलाच नाही.

"ऑपरेशन करून काय वाचवायचंय?" तो म्हणाला. "राहिलंय काय त्यात? मी नाही जाणार."

मला रडू फुटलं आणि रागही आला. हातात अजून काहीतरी उरलंय हे त्याला दिसलं, तर तो जाईल, असं मला वाटलं. तो तोंड धुवायला गेला तेवढ्यात मी बूच काढलं, चार औंसांचा बोल्ट काढून एक औंसाचा बसवला. क्यू एकदम तीन औंसांनी हलकी झाली. हे त्याला लगेच कळेल, तो माझ्यावर ओरडेल, अशीही भीती होती.

शुक्रवारी त्याने ती क्यू उचलली, हलकी झाल्याचं त्याला कळलंच नाही. त्याने ब्रेक मारला आणि हॉल दणाणला. बॉल चारी बाजूंना उधळले, दोन तर टेबलाच्या खिशात गेले. दादा हसायला लागला. "बघितलंस? वजनच कमी पडत होतं, चारच्या बोल्टाने काम केलं. हात ठणठणीत आहे माझा!" मी तोंड उघडायच्या आत त्याने हॉस्पिटलला फोन लावला आणि सोमवारची तारीख रद्द केली.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. संध्याकाळी वहिनीचा फोन आला, "वन्सं, आज दोनदा मागून जेवले हो." माझ्या तोंडाला कुलूपच लागलं. सहा दिवस मी ते कुलूप घेऊन फिरले.

पुढच्या गुरुवारी त्याच्या हातातून चहाचा कप गळून पडला. त्याला पडल्यावर कळलं. माझा धीर सुटला.

"दादा, हात पुढे कर. डोळे मीट."

"काय पोरखेळ आहे?"

"कर म्हणते ना!"

त्याच्या उजव्या तळहातावर मी क्यूतून काढलेला चार औंसांचा बोल्ट ठेवला. तो उचलून एक औंसाचा ठेवला. "कुठला जड?"

त्याने विचार केला. याआधी त्याला कधी विचार करावा लागला नव्हता. "सारखेच आहेत," तो म्हणाला. "तू माझी गंमत करतेयस."

मी दोन्ही बोल्ट त्याच्या डाव्या हातात दिले. त्याने डोळे उघडले. त्याने आधी त्या बोल्टांकडे बघितलं, मग भिंतीला टेकलेल्या क्यूकडे.

"कधी बदललास?"

"गेल्या गुरुवारी."

थोबाडीत बसेल असं वाटलं. बसली असती तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "त्यानंतर नऊ क्यू मी हातावर तोलून दिल्यात. त्या लोकांना परत बोलाव."

"खड्ड्यात गेल्या क्यू!" मी ओरडले आणि हॉस्पिटलला फोन लावला. त्या सोमवारची जागा दुसऱ्या कोणाला गेली होती. मी विनवण्या केल्या, भांडले, पाया पडते म्हणाले. पुढची तारीख सात आठवड्यांनंतरची मिळाली. दर आठवड्याला थोडं थोडं, असे सात.

दादाने सगळं ऐकलं. उठून त्याने वजनकाटा खोक्यातून काढला आणि टेबलावर ठेवला. त्यावरची धूळ डाव्या हाताने पुसता पुसता त्याने माझ्याकडे न बघताच विचारलं, "शुक्रवारचा ब्रेक मीच मारला ना?"

"तूच मारलास. तूच सांगायचास ना, वेग लागतो म्हणून."

"म्हणजे शुक्रवारी तेवढा हात शिल्लक होता," तो म्हणाला.