मागच्या चाकातली हिरवी ओढणी

मित्रांनो, आमगावहून घेतलेल्या जुन्या मोटरसायकलचं मागचं चाक आणि दोन्ही शॉकअप आज सकाळी अंगणात स्वतः उतरवले. मला मेकॅनिक लागत नाही. नट कोणत्या क्रमाने निघाले तेही मी लिहून ठेवतो.

एक्सल ओढला, तर चाकाच्या हबला हिरव्या ओढणीची चिंधी करकचून गुंडाळलेली. तिच्यात लांब केस. उजवा शॉकअप नवा, डावा जुना. विकणारा तर म्हणाला होता, गाडी कधी पडलीच नाही.

बायको म्हणाली, "दोन महिने झाले मी मागं बसून राहिली, अन् तुमी आता चाक खोलून राहिले काय जी?"

मग तिने ती चिंधी धुऊन दोरीवर वाळत घातली. "कोनाची तं असंल," म्हणे.

गाडी जोडून झाली, पण बायको मागे बसायला तयार नाही. विकणाऱ्याचा नंबर माझ्याकडे आहे. आधी मागे कोण बसायचं, हे तुम्ही विचारलं असतं का?