मावळतीची भिंत

मी तवा पुण्यात एका आर्किटेक्ट सायबांकडं नकाशे काढायला व्हतो. शाळा पौडातली. हात चांगला, आन तोंड त्याहून चांगलं. कुनाचाबी आवाज हुबेहूब काढायचो. पौडाच्या पुढं माले गावाकडं एका बोर्डिंगच्या शाळेला नवं जेवनघर बांधायचं ठरलं, तवा सायब म्हनाले, "तुझाच मुलूख ना? जाऊन जागा बघ, लोकांशी बोल."

जागा झकास. जांभळी, हिरडे, खाली ओढा. पोरांचा सैपाक धनगरवाड्यावरच्या एक विधवा मावशी करायच्या, ऱ्हायच्याबी शाळेच्याच खोपटात. मी त्यास्नी ऐटीत सांगितलं, नवं जेवनघर तीन बाजूंनी उघडं, चूलबी त्यातच. बसल्या जागी झाडं दिसतील.

"झाडं काय ताटात वाढायचीत व्हय रं?" मावशी म्हनाल्या. "तुज्या सायबाला सांग, मावळतीला भिंत घाल. आमचा पाऊस वरनं न्हाई पडत, आडवा येतो. हितं मिरगाच्या आधी मावळतीला कारवीच्या काड्यांचा कुड बांधल्याबिगर कोन ऱ्हातं? चूल इझली तर पोरं उपाशी, आन मला हाकलत्याल. जायचं कुटं मी?"

हापिसात मी सांगितलं. पन कसं? कमरेवर हात, घोगरा आवाज, "झाडं काय ताटात वाढायचीत व्हय रं?" सगळं हापिस लोटपोट. सायबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "वा! पुन्हा एकदा कर." मी केलं. तिसऱ्यांदाबी केलं. मग सायब नकाशावर वाकले. "भिंत घातली की झाडं गेली. राहू दे उघडंच."

एवढं हसवल्यावर आता कुटल्या तोंडानं सांगू, की बाई खरंच बोलली हाय? मावळतीकडं चार बारीक खांब काढले. लई सुबक.

पुढच्या वरसाला इमारत उभी ऱ्हायली. मिरगाच्या आधी मावशी कारवीच्या काड्या घेऊन आल्या, तर हेडमास्तर म्हनाले, नव्या इमारतीला काड्या लावायच्या न्हाईत, शोभा जाते. आषाढात पाऊस आडवा आला. चुलीत पानी, भात कच्चा, पोरं दोन दिस गूळ-शेंगदान्यावर. "एवढं नवं जेवनघर दिलं, तरी चूल सांभाळता येईना," म्हनून मावशींना काढलं. खोपटबी गेलं.

मला कळलं श्रावनात. गेलो. मावशी दुसऱ्याच्या खाचरात तन काढत व्हत्या. मी बांधावर उभा.

"मावशी, मी सायबांना सांगितलं व्हतं."

"मग काय म्हनला त्यो?"

हसला, असं सांगायची छाती झाली न्हाई. "ऐकलं न्हाई," म्हनालो.

"न्हाईच ऐकनार. मोठी मानसं ती." हातातला चिखल झटकून त्यांनी माज्याकडं बघितलं. "तू सांगितलंस ना? मग तुजा काय दोस, लेकरा."

आन परत वाकल्या.