आईच्या नावाचं रडणं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे, तेही नीट माहीत नाही. लपवून थकले, एवढंच.

महाराष्ट्र राज्य झालं त्या उन्हाळ्यात मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक होऊन आर्णीला घरी आले होते. माझं लग्न ठरत होतं. आईची आत्या — आमची आत्याआजी — पापड लाटता लाटता बोलून गेली, "तुह्या मायचं नाक पाह्य. आमच्या घरी असं नाक हाय काय कोनाचं?" बायका हसल्या. मी नाही हसले. नंतर तिला एकटीला गाठलं, तेव्हा कळलं — आई बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. जन्म देणारी आजारी पडली, दूध आटलं, म्हणून आर्णीतच राहणाऱ्या, मूल नसलेल्या माझ्या आजीनं तान्ही आई ओटीत घेतली. पुन्हा दारात यायचं नाही, या बोलीवर. आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

महागावच्या वाटेवरच्या त्या तांड्यावर मी का गेले? खात्री करायला, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

म्हातारी दारात गोधडी शिवत होती. तेच नाक. आर्णीच्या त्या घरून आले म्हटल्यावर सुई तशीच टोचून ठेवून उठली. "माही पोरगी कशी हाय वं?" हात पसरलेले होते. आपलं माणूस भेटलं की त्या बायका गळ्यात पडून गाण्यासारखं रडतात, हे मी बाजारात पाहिलं होतं. उद्या ही आमच्या दारात येऊन आईच्या गळ्यात पडली तर — सोयऱ्यांसमोर? मी मागे सरले.

म्हणाले, ती लहानपणीच गेली. मी शेजारची आहे, निरोप द्यायला आले.

इतकं सोपं होतं ते.

ती खाली बसली आणि सूर लावून रडू लागली. बायका जमल्या, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागल्या. मला बाजेवर बसवून पाणी दिलं. त्यांची बोली मला कळत नव्हती, म्हणून एकीनं समजावलं — "गेलेल्याचं आयुष्य सांगून रडतो आमी. इले तं काहीच ठाव नाही. मनून मनते, तुहं लगन झालं असतं, तुले लेक झाली असती. ते आज या बाईएवढी असती."

मी पाणी प्यायले. तेव्हाही बोलता आलं असतं. भीती होती का? होती. पण खरं सांगू — त्याहून जास्त लाज वाटत होती. तिची.

माझं लग्न नीट पार पडलं. पुढे एकदा माहेरी गेले असताना आत्याआजीनं हळूच सांगितलं, म्हातारी गेली. आई तेव्हा शेजारी हळदीकुंकवाला निघाली होती. तिच्या अंबाड्यात फुलं मीच माळली.