बीजींच्या गोष्टी आणि आमच्या महालक्ष्मीचं पुरण

छत्तीसगढातल्या जुनवानीत आम्ही नवीन राहायला आलो होतो, तेव्हाची ही ओळख. माझी मुलगी पूर्णिमा दर रविवारी दुपारी चार घरं सोडून राहणाऱ्या एका सरदारणीबाईंच्या ओसरीवर जायला लागली. तिथे मुलांना शिखांच्या गोष्टी सांगतात आणि फी घेत नाहीत, असं कळलं. फी नाही हे मला आवडलं, आणि त्याचाच संशयही आला. म्हणून एकदा मी तिच्या मागोमाग गेले आणि दाराशी उभी राहिले. गोष्ट न थांबवता त्या बाई आतून म्हणाल्या, "बेटी, उभ्याच आहात तर मुलांच्या चपला जोडीनं लावा." मी मागे वळून पाहिलं. दुसरं कोणी नव्हतं. निमूट खाली बसले आणि चिखलानं भरलेल्या चपलांच्या जोड्या लावल्या. गुरुद्वाऱ्यात ही सेवा मोठमोठी माणसं मागून घेतात, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी एवढंच वाटलं की बाई फार कडक आहेत.

त्या म्हणजे जसवंत कौर, मुलांच्या बीजी, पंजाबीत आई-आजीला म्हणतात तशा, आणि आता आम्हा सगळ्यांच्याच. यंदा त्या पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात शिकलेल्या लोकांचे लेख असतील. मी मॅट्रिक झालेली, घर सांभाळणारी बाई. पण गल्लीतल्या मंडळींचा आग्रह पडला की तुम्हीही लिहा. बीजी हिंदीत बोलतात, मध्येच पंजाबी येते. मी त्यांचं बोलणं माझ्या मराठीत उतरवते आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा वर्ग सुरू केला. त्यात छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली आणि आमची विदर्भाकडची मराठी, अशी सगळीच मुलं. एकदा क्रिकेटवरून मुलांचे दोन गट पडले आणि मारामारी झाली. बीजींनी कोणाचं चुकलं हे विचारलंच नाही. रणांगणात आपल्या जखमींबरोबर शत्रूच्या जखमींनाही पाणी पाजणाऱ्या भाई कन्हैयांची गोष्ट सांगितली, मग दोन्ही गटांच्या हाती सरबताचे पेले देऊन म्हणाल्या, "आता एकमेकांना पाजा. स्वतःचा पेला कोणी स्वतः उचलायचा नाही." आंध्राकडचा एक मुलगा म्हणाला, "बीजी, हा मुद्दाम नाकावर सांडेल!" बीजी म्हणाल्या, "सांडू दे, नाकालाही तहान असते." मुलं हसली आणि भांडण तिथेच संपलं.

त्यांचा एक नियम होता. कोणाला काही दिलं तर ते घरीही सांगायचं नाही. सांगितलं की देणं मोठं होत नाही, आपण मोठे होतो, असं त्या म्हणत. हा नियम मला पटला होता. त्याच नियमानं आमच्या घरी मोठा घोळ झाला. तो लिहिल्याशिवाय बीजी कोण आहेत हे मला सांगता येणार नाही.

आमच्याकडे महालक्ष्मी बसतात. माझ्या सासूबाई भंडाऱ्याकडच्या, सोवळ्याच्या पक्क्या. देवीला नैवेद्य झाल्याशिवाय, पोरं सोडली तर, घरात कोणी पाण्याचा घोटही घेत नाही. जेवणाच्या दिवशी पुरणपोळ्या करून झाकून ठेवल्या होत्या, सवाष्णी यायची वेळ झाली होती. तेवढ्यात बाहेर पाइपलाइनसाठी रस्ता खणणारा एक माणूस दारात आला. हातात आमचंच ताट, घासूनपुसून आणलेलं. म्हणाला, "थारी ले लेव दाई, नोनी दे रिहिस." ताट घ्या बाई, पोरीनं दिलं होतं. नोनी म्हणजे पोरगी, म्हणजे आमची पूर्णिमा. आदल्या रविवारी तिनं सच्चा सौद्याची गोष्ट ऐकली होती. वडिलांनी व्यापारासाठी दिलेल्या पैशांतून नानकदेवांनी भुकेल्या साधूंना जेवू घातलं आणि हाच खरा सौदा म्हटलं, ती गोष्ट. पोरीनं देवीच्या पोळ्या उपाशी मजुरांना नेऊन दिल्या होत्या आणि नियमाप्रमाणे कोणाला सांगितलं नव्हतं.

सासूबाई सकाळपासून निर्जळी होत्या. त्या खालीच बसल्या. "देवीच्या आधी रस्त्यावरचे जेवले! आता हे सारं बाटलं. यापुढं तिले त्या बाईकडे पाठवायचं नाही, सांगून ठेवते." सासूबाईंचा शब्द आमच्या घरात कोणी मोडत नाही. पूर्णिमेचा वर्ग बंद झाला, हे मला तिथेच कळलं. आणि सासूबाईंना मानणारी गल्लीतली आणखी चार घरं आपापली मुलं काढतील, हेही कळलं. पोर रडत रडत बीजींकडेच पळाली.

थोड्या वेळानं बीजी तिचा हात धरून दारात आल्या. सासूबाई उठल्या नाहीत. "तुमच्या गोष्टीनं माह्या देवीले उपाशी ठेवलं."

बीजींनी हात जोडले. "माताजी, चूक माझी आहे. मी मुलांना द्यायला शिकवलं, विचारायला शिकवलं नाही."

यावर पूर्णिमाच मध्ये बोलली. "पण बीजी, गुरू नानकजींनी कुठं विचारलं होतं? पैसे तर त्यांच्या बाबांचे होते ना?"

मी बीजींच्या तोंडाकडे पाहत होते. मोठं माणूस अशा वेळी पोराला गप्प करतं. बीजी म्हणाल्या, "पुत्तर, जन्मभर ही गोष्ट सांगते आहे, पण त्या बापाच्या बाजूनं मी कधी पाहिलंच नाही. आत्ता माझ्याकडे उत्तर नाही." मग सासूबाईंना म्हणाल्या, "डाळ कुठं आहे?"

"कावून? तुम्ही पुरण वाटता का?"

"सांगाल तसं वाटीन."

सासूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "डोकं तं झाकेलच आहे. हातपाय धुवा अन् या."

नव्यानं डाळ शिजली. पाट्यावर बीजी बसल्या. सासूबाई शेजारी बसून "अजून बारीक, हे काय चटणी आहे का?" म्हणत राहिल्या आणि बीजी "जी माताजी" म्हणत वाटत राहिल्या. पूर्णिमेनंही आजीबरोबर काही खाल्लं नाही. नैवेद्याला दिवस कलला. सवाष्णी ताटकळल्या, पण जेवून गेल्या. वर्गाबद्दल मात्र सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत.

रविवार आला. पूर्णिमा दप्तर उघडून उगाच बसली होती. सासूबाई वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बसली काय अशी? जा. अन् इचार त्या सरदारणीले, उत्तर सापडलं का म्हणून."

मीही गेले. बीजींनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली, पण या वेळी मुलाची वाट पाहणाऱ्या वडिलांपासून सुरुवात केली. तो बाप वाईट नव्हता, त्याला घर चालवायचं होतं, असं त्या म्हणाल्या. घर चालवणारी बाई आहे मी. मला ते फार आत जाऊन लागलं. मग म्हणाल्या, "गुरूंना दिसत होतं की सगळं त्या एका देणाऱ्याचं, देवाचंच आहे. आपल्याला तेवढं दिसत नाही. म्हणून आपण विचारावं."

"अन् घरचे नाही म्हणाले तर?" पूर्णिमा.

"तर आपल्या ताटातलं द्यावं. त्याला कोणाची परवानगी लागत नाही."

घरी येऊन पूर्णिमेनं हे सांगितलं, तेव्हा सासूबाई "हं" म्हणाल्या, एवढंच. पण पुढच्या महालक्ष्मीला नैवेद्य झाल्याबरोबर त्यांनी स्वतःचं वाढलेलं ताट पूर्णिमेच्या हाती दिलं आणि म्हणाल्या, "पाह्य बाहेर, कोण काम करून राहिलं ते." मग स्वतःसाठी दुसरं ताट मागितलं. तेव्हापासून ती आमच्या घरची रीत झाली आहे.

शिकवणारे पुष्कळ पाहिले. आपली जन्मभराची गोष्ट एका लहान मुलीच्या प्रश्नावरून, सगळ्यांसमोर, दुरुस्त करून सांगणाऱ्या बीजीच पाहिल्या. देणं म्हणजे काय, हे मला गोष्टींपेक्षा त्या एका रविवारी जास्त कळलं.

बीजींचे गुडघे आता कुरकुरतात, तरी त्या खुर्ची नाकारून मुलांत सतरंजीवरच बसतात. आमची महालक्ष्मी आणि त्यांचे वाहेगुरू यांनी मिळून ते गुडघे सांभाळावेत, आवाज असाच खणखणीत ठेवावा. आणि ओसरीवर अशी पोरं येत राहोत, ज्यांच्या प्रश्नांची उत्तरं शोधायला बीजींना अजून पुष्कळ वर्षं जगावंच लागेल.