पाणी न घेता गेलेले पाहुणे

दारातून परत फिरलेल्या गिऱ्हाइकाचं दुःख आमच्या गादीवाल्या चाचांइतकं मनाला लावून घेणारा माणूस खामगावात दुसरा नाही. खामगावात कशाला, अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात नसेल. आलेला माणूस काही न घेता निघाला की बाकीचे दुकानदार पुढच्या माणसाकडे बघतात, चाचा चपला शोधतात. एकदा एक जण दुकानात डोकावून वळला, तर हे त्याच्यामागे थेट बसस्टँडपर्यंत. त्याला फक्त दातांच्या डॉक्टरांचा पत्ता हवा होता. चाचांनी त्याला दवाखान्यात पोचवलं, दात निघेपर्यंत बाहेर बाकावर बसले आणि मग गाल सुजलेल्या त्या गृहस्थाला एक मऊ उशी विकली. स्वस्थ बसणं म्हणून त्यांना ठाऊकच नाही. माझे वडील आजारी असताना भेटायला आले, तेव्हा आधी त्यांनी गादी दाबून पाहिली, मग वडिलांना उठवून खुर्चीत बसवलं, गादी उलटी करून झोडपली आणि म्हणाले, "मानूस बरा होतो, भाऊ. गोळे झालेली गादी नाही होत." वडील पुढे बरे झाले. त्याचं श्रेय चाचा अजून घेतात.

त्यांचा मुलगा माझ्याच वर्गातला. आता पुण्यात नोकरी करतो. फोमच्या गाद्या आल्यापासून कापूस पिंजून गादी भरून घेणारे कमी होत गेले, म्हणून तो मागे लागला होता, की दुकान बंद करा, पिंजायचं यंत्र विका आणि माझ्याकडे या. चाचांचा जीव त्या दुकानात. शेवटी बापलेकांत ठरलं, की एवढी थंडी बघायची. तोवर बाहेरगावची गिऱ्हाइकं मिळाली नाहीत, तर मार्चमध्ये कुलूप. मी घरी बसून लोकांच्या वेबसाइटी बनवते, त्यामुळे हे ओझं आपोआप माझ्या डोक्यावर येऊन पडलं.

मी सांगितलं, "चाचा, लोक पहिल्या दोन-चार सेकंदांत ठरवून मोकळे होतात. वेबसाइट उघडल्याबरोबर गादी दिसली पाहिजे, भाव दिसला पाहिजे, शेजारी मागवायचं बटण." चाचा दुखावले. "पाहुना दारात उभा, अन् आपन त्याले भाव सांगाचा? आधी बसवाचं, पानी द्याचं, कुठून आले ते इचाराचं. गादी मंग." मी तीन दिवस भांडले आणि हरले. पहिल्या पानावर पाण्याचा चकचकीत ग्लास आणि 'या, बसा, पाणी घ्या'. दुसऱ्या पानावर 'कुठून आले?' गादी तिसऱ्या पानावर, आणि भाव कुठेच नाही. पहिला फोन आला तो एका मंगल कार्यालयातून. त्यांना थंड पाण्याचे चाळीस जार हवे होते. चाचांनी ओळखीच्या माणसाकडून तेही पोचते केले. आलेल्याला नाही म्हणणं त्यांना जमत नाही.

मग मी घोडचूक केली. किती जण आले आणि किती वेळ थांबले, ते आकडे त्यांना दाखवले. बहुतेक जण चार सेकंदांत गेलेले. चाचा माझ्या घरात येरझारा घालायला लागले. "चार सेकंदात उठून गेले? पानी बी नाही घेतलं? काऊन गेले, बेटा? त्याहिले कोनी काही बोललं का?" त्या दिवसापासून मला रोज पाच-सहा फोन. ग्लास लहान वाटतो म्हणून तांब्या आला. घरात माणूसच दिसत नाही म्हणून तांब्याशेजारी हसरे चाचा उभे राहिले. मी अगदी मेटाकुटीला आले. थंडी सरत चालली होती आणि पाहुणे चार सेकंदांवरून कसेबसे सहावर आले होते.

एकच पाहुणा निराळा. पुण्याचा. सोमवार ते शनिवार सकाळी सव्वानऊला यायचा आणि वीस-वीस मिनिटं बसायचा. चाचांना आकाश ठेंगणं झालं. "हा मागवनार, पाह्य तू. बसून इचार करून राह्यला." मलाही तसंच वाटत होतं. मग एक दिवस त्यांच्या मुलाचा मला फोन आला. "पयल्याच पानावर पानी काऊन लावलं तू? आपन काय पानपोई उघडली का?" एवढं चिडून झाल्यावर त्याचा आवाज उतरला. "अन् त्या फोटोत अब्बांच्या कॉलरचं बटन तुटलेलं हाय. कोनी लावून देत नाही का त्याहिले?" तो फोटो मी आदल्या संध्याकाळीच टाकला होता आणि अजून कुणाला सांगितलंही नव्हतं. पुण्याचा पाहुणा कोण, ते मला कळलं. चाचांची सगळी आशा ज्या एका गिऱ्हाइकावर होती, तोच मार्चमध्ये कुलूप लावणार होता. हे त्यांना सांगायचं माझ्याच्यानं झालं नाही. मी भित्री आहे, हे कबूल करते.

फेब्रुवारीच्या अखेरीला मुलगा आला तो यंत्रासाठी गिऱ्हाईक बघूनच. दुकानात आम्ही तिघंच चहा घेत होतो. त्यानं यंत्राचा विषय काढला, तशी चाचा उठून रुईच्या ढिगाभोवती फिरायला लागले. "अशा टायमाले मी दुकान कसं बंद करू, सांग. पुन्याचा एक जन हाय. रोज येते, निवांत बसते. साऱ्या थंडीत त्याच्याएवढं कोनी बसलं नाही. तो मागवल, अन् मी इथं नसन तर?" मुलगा कपाकडे बघत राहिला. आता हा सांगून टाकणार, या धास्तीनं माझा चहा निवाला. शेवटी तो हळूच म्हणाला, "त्याचं अजून ठरून नाही राह्यलं, अब्बा."

चाचा थांबले. त्यांनी मुलाकडे पाहिलं. रस्त्यानं जाणाऱ्याला अडवून दहा प्रश्न विचारणाऱ्या या माणसानं त्याला एकही प्रश्न विचारला नाही. "मंग बसू दे त्याले," ते खाली बसत म्हणाले. "आपल्याले का घाई हाय." यंत्राचं बोलणं तेवढ्यावरच राहिलं आणि रविवारी मुलगा बसनं पुण्याला परत गेला.

सोमवारी साडेनऊच्या सुमारास चाचांचा फोन आला. किती जण आले, किती गेले, काही विचारलं नाही.

"बेटा, आला का तो?"

"आला, चाचा. आज पाचच मिनिटं थांबला."

"झोप नसन झाली त्याची. रातभर बसमधी होता."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी मात्र तो कितीतरी वेळ कानालाच लावून बसले होते.