वाढीव पट्टीचं कपाट

मिस्त्रींनी आयुष्यभर लाकडात अशा वस्तू घडवल्या, ज्या कुणीच वापरल्या नाहीत. पंपाचं झाकण असो की यंत्राचं चाक, आधी ते सागवानात करून देत. त्याला म्हणायचं पॅटर्न. फाउंड्रीवाले तो वाळूत दाबून अलगद उचलत आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतत. "म्हणजे मी पोकळ्यांचा कारागीर," असं ते स्वतःच म्हणत. बायको मान डोलवी, जरा जास्तच जोरात.

निवृत्तीनंतर सुनेने स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात कपाट करायला सुतार बोलवायचं काढलं आणि मिस्त्रींना मिरच्या झोंबल्या.

"मी असताना या घरात दुसरा सुतार? चाळीस वर्षांत माझा एक पॅटर्न परत आलेला नाही!"

हे वाक्य घरातल्या भिंतींनाही पाठ होतं.

सुनेने टेपने कोनाडा मोजून आकडा दिला, कपाटाची रुंदी एकशे वीस सेंटिमीटर. मिस्त्री तीन आठवडे गॅलरीत खपले. कपाट देखणं झालं. आतले कोपरेही गोल, कारण टोकदार कोपऱ्यात वाळू ढासळते ही जन्माची धास्ती.

रविवारी बापलेकांनी कपाट उचललं. ते कोनाड्याच्या तोंडाशीच अडलं. मिस्त्रींनी कुणाला न दाखवता कपाटाला टेप लावला. एकशे एकवीस, वर दोन मिलिमीटर.

"बाबा, माझंच माप चुकलं का हो?" सुनेचा चेहरा उतरला.

'हो' म्हणायची उत्तम सोय होती. ते जिभेवर आलंही. पण खिशातून त्यांची पट्टी डोकावत होती. ओतलेलं लोखंड निवताना आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टी मुळातच वाढीव असते, मीटरमागे सेंटिमीटरभर. त्याच पट्टीने मापून त्यांनी फळ्या कापल्या होत्या.

"नाही गं पोरी," ते घाम पुसत म्हणाले, "तुझं माप चोख आहे. मी कपाट लोखंडाचं समजून केलं."

"मग आता काय, निवून आकसायची वाट बघायची?" बायकोने विचारलं.

सगळ्यात मोठ्याने मिस्त्रीच हसले. मग स्वतःच फोन उचलून त्यांनी सुताराला बोलावलं.

"एक कपाट बारा मिलिमीटर कमी करायचंय. कुणी केलंय? आहे एक म्हातारा. चाळीस वर्षांत त्याचं काही परत आलं नव्हतं म्हणे. आणि हो, येताना तुमची पट्टी आणा."